ओळखीची ग्वाही

"यंदा कुणी साध्या वड्यासुद्धा करून आणल्या नाहीत," कॉफीच्या मोठ्या भांड्यात पाणी ओतता ओतता अर्डिस पुटपुटली. "दरवर्षी या टेबलावर बशी ठेवायला जागा नसते. लिंबाच्या वड्या, भोपळ्याच्या वड्या, त्या हेलनच्या दगडासारख्या खजुराच्या. आणि आता बघा. दुकानातली बिस्किटं. मतदानाला दुकानातली बिस्किटं."

ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. पण शेजारी मत घेणाऱ्या यंत्राची वायर सोडवत बसलेल्या मार्लिस ट्वाइटला ते ऐकू गेलं, आणि राग बिस्किटांवर नाही हेही कळलं. वड्या करणाऱ्या बायका वड्या करायला विसरल्या नव्हत्या. त्यांना कोर्पी टाउनशिपच्या हॉलच्या आसपास फिरकायचं नव्हतं, आणि तसं तोंडाने म्हणायचंही नव्हतं. म्हणून कुणाचा ओव्हन बिघडला होता, कुणाची नात तापाने फणफणली होती, आणि हेलनच्या घरी म्हणे खजूरच संपले होते.

मतदान दुसऱ्या दिवशी होतं. अर्डिस टाउनशिपची क्लार्क, म्हणून मतदान केंद्राची मुख्य. तिच्या जोडीला म्हातारा व्हर्न. तो एका पक्षाचा, ती दुसऱ्याची. कायद्याला तसंच लागतं, आणि वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसूनही दोघांनी एकमेकांना मत कुणाला दिलंस असं कधी विचारलं नव्हतं. तिसरी मार्लिस. ती गावातल्या शाळेत वरच्या वर्गांना सरकार हा विषय शिकवायची, आणि दर निवडणुकीला आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना या हॉलमध्ये कामाला आणायची. पोरांना मत देता येत नाही, पण टेबलाशी बसून नावं शोधता येतात, मतपत्रिका हातात देता येते, आणि 'मी मत दिलं' असं लिहिलेला लाल स्टिकर चिकटवता येतो. मतं मोजता येत नाहीत. हे वाक्य मार्लिस दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि त्याखाली दोन रेघा मारायची.

सप्टेंबरमध्ये अर्ध्या वर्गाने हात वर केला होता. ऑक्टोबरात फोन सुरू झाले. मग एकेका पालकाच्या चिठ्ठ्या यायला लागल्या, आणि एकाच मंगळवारी गावातल्या इतक्या पोरांच्या दाढा दुखणार आहेत हे वाचून मार्लिसने कपाटातून खडूचा डबा काढायच्या निमित्ताने बराच वेळ पाठ वळवून ठेवली. उरले दोन. एक ग्रेडी, ज्याच्या आईचं म्हणणं होतं की घरी राहून तो जे करेल त्याहून धोका हॉलमध्ये कमीच. आणि दुसरी सोल्वी कांगास.

सोल्वी त्या वेळी हॉलच्या मागच्या भिंतीशी बसून मतदानाच्या आडोशांचे पत्र्याचे पाय उघडत होती. काम करताना जीभ थोडी बाहेर काढायची तिला सवय होती. तिचे वडीलही वर्गात तसंच करायचे. मार्लिसने त्यांनाही शिकवलं होतं.

दार उघडलं तशा सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. डेप्युटी लाफॉन्ट होता. सगळ्यांनी सोडलेला श्वास इतका मोठा होता की तो बिचारा ओशाळला.

"एक ऐकवायचंय," तो म्हणाला आणि बूट न झटकताच आत आला. एरवी अर्डिसने त्याला त्यावरून चांगलं फैलावर घेतलं असतं. त्याने आपला फोन टेबलावर ठेवला. "अर्डिसबाईंच्या ऑफिसात शनिवारी आलेला निरोप. नीट ऐका, ओळखीचा वाटतो का बघा."

आवाज मुद्दाम खालच्या पट्टीत काढलेला होता, घशात घोंगडं अडकल्यासारखा.

"पोरांना मतं मोजायला बसवता. शाळेच्या कराचं मतदान मागच्या खेपेला कसं पास झालं, ते कळतं आम्हाला. मंगळवारी त्या हॉलमध्ये कोण कोण आत जातंय ते आम्ही बघणार आहोत. आणि..." इथे तो थांबला. नुसता थांबला नाही, थांबणं ताणलं, आणि मग प्रत्येक शब्द वेगळा ठेवत म्हणाला, "बाहेर कोण येतंय, तेही."

फोन बंद झाला. कॉफीचं भांडं उगाच गुरगुरत होतं.

ते थांबणं या गावातल्या प्रत्येक माणसाने ऐकलेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी बर्फाच्या मैदानावर, गोठलेल्या बाकांवर घोंगड्या पांघरून, हातात गरम चॉकलेटचा कप धरून ऐकलेलं होतं. गोल झाला की माइकवरचा माणूस असाच थांबायचा, सगळं मैदान श्वास धरायचं, आणि मग तो पोराचं नाव एकेक अक्षर सोडत सांगायचा. कितीतरी हिवाळे तो आवाज म्हणजे हॉकी होती. पोरांच्या आयांना आपल्या पोराचं नाव त्या आवाजात ऐकायची हौस असायची. दोन हिवाळ्यांपूर्वी तो माइकवरून पंचाला नाही नाही ते बोलला, आणि शाळेने त्याला काढलं. आता एक शाळकरी पोरगा घोषणा करतो, भाजीपाल्याची यादी वाचल्यासारख्या.

"ओळखीचा वाटतो का?" लाफॉन्टने विचारलं.

"सर्दी झालेली दिसतेय त्याला," अर्डिस म्हणाली. आणि कपांची उतरंड पुन्हा नव्याने लावायला लागली.

"काय म्हणाला तो?" व्हर्नने विचारलं. त्याने कानातलं यंत्र काढून त्याची बॅटरी बदलायला घेतली होती. लाफॉन्ट सोडला तर हॉलमध्ये खरोखर काही न कळलेला तो एकटाच.

"ग्रेडी?" लाफॉन्ट पोराकडे वळला.

"मी हॉकी नाही खेळत, सर," ग्रेडी म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला. लाफॉन्ट दुसऱ्या जिल्ह्यातून नुकताच बदलून आला होता. त्याला काही कळलं नाही.

"मिसेस ट्वाइट?"

सोल्वीच्या हातातला पत्र्याचा पाय अर्धा उघडलेला तसाच राहिला होता. तिने मान वर केली नाही.

"नाही," मार्लिस म्हणाली. "मला नाही सांगता येणार."

तिच्याकडे कारणं भरपूर होती. पोरगी समोर बसली होती. आवाज बदललेला होता. उगाच कुणाचं नाव घेणं बरं नव्हे. चांगल्या शिक्षिकेकडे अशा वेळी कारणं तयार असतात. पण तिने 'नाही' म्हटलं ते त्यातल्या कुठल्याच कारणाने नव्हे, नुसत्या भीतीने, आणि ते तिला कळत होतं.

लाफॉन्टने फोन खिशात टाकला. "नंबर लपवलेला आहे. कंपनीकडून निघेपर्यंत महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगची टर्की पोटात गेलेली असेल. कुणी नाव सांगितलं तर मी आज जाऊन दार ठोठावू शकतो. नाव नसेल तर उद्या अधूनमधून चक्कर टाकीन. बस्स, तेवढंच माझ्या हातात."

"कॉफी घ्या," अर्डिस म्हणाली.

सोल्वीची आई वृद्धाश्रमात दुपारपाळीला असायची, म्हणून मार्लिसनेच तिला गाडीतून घरी सोडलं. जेवणाची वेळ व्हायच्या आधीच अंधार झाला होता. हरणांच्या शिकारीचा मोसम चालू होता. रस्त्याकडेला ठिकठिकाणी पिकअप गाड्या उभ्या, काचेमागे बंदुका आडव्या टांगलेल्या. दर वर्षी असतात तशाच. दर वर्षी मार्लिसला त्या दिसायच्यासुद्धा नाहीत.

"मिसेस ट्वाइट, ग्वाहीचं पुन्हा एकदा सांगा ना," सोल्वी म्हणाली. "माझा गोंधळ होतो."

तिचा गोंधळ होत नव्हता. वर्गात तिचंच उत्तर सगळ्यांत स्वच्छ असायचं. पण गप्प बसण्यापेक्षा ते बरं होतं, म्हणून मार्लिसनेही सांगितलं. कुणी नव्याने राहायला आलं, आणि नव्या पत्त्याचा एकही कागद जवळ नसेल, तर त्याच हद्दीतला एखादा मतदार उभा राहून शपथेवर म्हणू शकतो, मी या माणसाला स्वतः ओळखतो, हा इथेच राहतो. मग त्याला मत देता येतं.

"आणि तो माणूस आपल्याला आवडायला लागतो का?"

"हे तू वर्गातही विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, नाही. फक्त तो कुठे राहतो ते माहीत असावं लागतं."

"मग आठवतंय की तुला."

"मला नाही देता येणार ना ग्वाही? सोळाच आहे मी."

"नाही येणार. तू फक्त प्रश्न विचारायचे. नाव काय, पत्ता काय, कागद आहे का."

सोल्वीने काचेवरची वाफ बोटाने पुसली. "डॅड आता टोइवो काकांच्या शिकारीच्या झोपडीत राहतात," ती म्हणाली. "तळ्याच्या पलीकडे. तुमच्या समोरच पडतं ना?"

"थोडं डावीकडे," मार्लिस म्हणाली.

घर आलं. गाडीतून उतरताना पोरगी दार धरून उभी राहिली. "मी उद्या नाही आले तर?"

मार्लिसला म्हणावंसं वाटलं, नको येऊस. पांघरूण डोक्यावर घे आणि झोप. त्याऐवजी ती म्हणाली, "मग ग्रेडी स्टिकर स्वतःच्या कपाळावर लावत बसेल दिवसभर."

सोल्वी हसली, पण पूर्ण नाही. "म्हणजे यावंच लागेल," ती म्हणाली.

मार्लिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसायचं. पलीकडच्या काठावर पूर्वी मिट्ट काळोख असायचा, टोइवो गेल्यापासून झोपडी बंदच होती. जुलैपासून तिथे एक दिवा लागायला लागला. रॉकेलचा असावा, पिवळा आणि थोडा हलणारा. पहिले काही दिवस तिला सोबत वाटली होती. नवरा, ऑरव्हिल, गेल्यापासून या घरात संध्याकाळी सोबत म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि समोर कुणीतरी आपल्यासारखंच एकट्याने डबा उघडून सूप गरम करतंय, हा विचार तिला आवडला होता. तिने एकदा एक पाव करून नेऊन द्यायचंही ठरवलं होतं. नेला नाही. आता वाटत होतं, न्यायला हवा होता.

तिने सूप गरम केलं, आणि फोन वाजला.

तिने उचलला नाही. पाच-सहा वेळा वाजून निरोप टिपणाऱ्या यंत्राने घेतला, आणि खोलीभर तो आवाज पसरला. या वेळी त्याने घशात घोंगडं घेतलं नव्हतं. कदाचित थकला असेल.

"मिसेस ट्वाइट. तुम्ही आम्हाला शिकवलंत की एकेक मत मोजलं जातं. फळ्यावर लिहायचात. मी वहीत उतरवून घ्यायचो." बाजूला कुठेतरी लाकूड फुटल्याचा आवाज, चूल असावी. "खोटं शिकवलंत. आणि आता माझी..." तो थांबला. हे थांबणं ताणलेलं नव्हतं. "उद्या बघतो मी."

यंत्राचा लाल ठिपका लुकलुकायला लागला. पलीकडचा दिवा जागचा हलला नाही.

मार्लिसने मागच्या दाराला खुर्ची लावली. मग स्वतःलाच वेड्यात काढून खुर्ची उचलून परत टेबलाशी ठेवली. मग बराच वेळ सूपकडे बघत बसली. मग उठून खुर्ची पुन्हा लावली, आणि तिच्यावर कपाटातला ओतीव लोखंडाचा तवा ठेवला, म्हणजे कुणी ढकललंच तर निदान आवाज होईल. लाफॉन्टचं कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, हातात फोन घेऊन. 'आता माझी.' आता माझी पोरगीसुद्धा त्यात ओढलीत, असंच म्हणायचं असणार त्याला. नाव सांगितलं की लाफॉन्ट पिवळ्या दिव्याच्या दारावर जाणार. तिथे चूल आहे, बाटली असेल, आणि मोसम आहे म्हणजे बंदूक असणारच. आणि सकाळी ती पोरगी हॉलमध्ये येणार, जीभ बाहेर काढून नावं शोधायला.

तिने फोन ठेवला. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं, आणि आपण वर्गात पोरांना नेमकं काय काय उद्यावर टाकू नका म्हणून सांगतो ते तिला आठवलं.

सकाळपासून जंगलात बंदुका वाजत होत्या. हरणांवरच्या. पहिला बार झाला तेव्हा अर्डिसच्या हातून साखरेचा डबा सांडला. "अगं, मोसम आहे," मार्लिस म्हणाली. "माहितेय मला मोसम आहे," अर्डिस म्हणाली. "मी काय कालची आहे का?" आणि दोघी गुडघ्यांवर बसून साखर गोळा करायला लागल्या.

लोक आले, पण एकेकटं कुणी नाही. जोडीजोडीने आले, नारिंगी जाकिटं घालून, आणि शेजाऱ्यांशी हवेबद्दल बोलायला न थांबता गेले. हेलन आली, आणि खजूर संपल्याचं पुन्हा एकदा न विचारता सांगून गेली. सोल्वी आणि ग्रेडी एका टेबलाशी शेजारी बसले होते. दार उघडलं की दोघं आधी हातांकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. मार्लिसच्या मनात आलं, सरकार विषयाच्या इतक्या वर्षांत आपण पोरांना जे शिकवलं नाही ते पोरं एका सकाळीत शिकली.

लाफॉन्ट चक्कर टाकत होता. येऊन दारातच उभा राहायचा आणि विचारायचा, "सगळं ठीक? काही सांगायचंय कुणाला?"

"कॉफी घ्या," अर्डिस म्हणायची.

दुपारनंतर तो तिसऱ्यांदा येऊन गेला, आणि त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तोच दार पुन्हा उघडलं.

डॅरिल कांगास आत आला. नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी, दाढी वाढलेली. हात रिकामे होते. पण सगळ्यांनी आधी तेच बघितलं हे त्यालाही दिसलं. रांगेत वेंडेल होता, कोर्पीतच राहणारा, आणि त्याचा मेहुणा. दोघांनी आपापले बूट बघायला सुरुवात केली.

तो सरळ सोल्वीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ग्रेडीने खुर्ची हळूच मागे सरकवली, आणि मग, हे मार्लिसने नंतर पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं, पुन्हा पुढे घेतली.

सोल्वीने नावांची यादी पुढे ओढली. "नाव?" तिने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"विचारावं लागतं, डॅड. सगळ्यांना."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॅरिल आर्विड कांगास." तोच आवाज. घोंगडं नाही, काही नाही. मैदानावरचा, मोकळा. या वेळी व्हर्नलासुद्धा ऐकू गेलं. कारण कालची बॅटरी नवीन होती.

"पत्ता?"

"टोइवोची झोपडी. तळ्याच्या उत्तरेला."

"पत्त्याचा कागद आहे का?"

त्याने लायसन्स काढून टेबलावर टाकलं. त्यावर गावातल्या घराचा पत्ता होता. त्या घरात सोल्वी आणि तिची आई राहायच्या. सोल्वीने ते उलटसुलट करून बघितलं, जणू मागच्या बाजूला काही दुसरं निघेल. मग मार्लिसकडे बघितलं.

अर्डिस घसा खाकरून म्हणाली, "डॅरिल, हा पत्ता इथला नाही. कागद नसेल तर कुणाची तरी ग्वाही लागेल. कोर्पीतल्या मतदाराची."

"म्हणजे कुणीतरी म्हणायचं की मी डॅरिलला ओळखतो."

"हो. आणि तू इथे राहतोस ते."

तो वळला. वेंडेलकडे बघितलं. वेंडेलची जमीन टोइवोच्या जमिनीला लागून होती. गेल्याच शनिवारी त्याने त्या झोपडीसमोर गाडी उभी केलेली अख्ख्या रस्त्याने बघितली होती.

"मी फार नसतो इकडे," वेंडेल बुटांना म्हणाला.

"वा," डॅरिल म्हणाला. "इतकी वर्षं तुमच्या पोरांची नावं घेतली मी. तुझ्या पोराचं तर मधलं नावसुद्धा. आणि इथे मला कुणी ओळखत नाही." तो थांबला, ताणून, आणि त्या थांबण्यात मार्लिसला काल ऐकलेलं वाक्य पूर्ण ऐकू आलं. अर्डिसलाही आलं. तिचा हात टेबलावरच्या फोनकडे सरकला आणि अर्ध्यावर थबकला.

मार्लिसला त्या क्षणी सगळ्यांत सोपं काय होतं ते अगदी स्वच्छ दिसलं. काही न बोलणं. कागद नाही, ग्वाही नाही, तो परत जाईल. कायदा तिच्या बाजूने होता. पण तो परत गेला तर फोनवर जे जे बोलला ते त्याच्या मते खरं ठरणार होतं. आणि टेबलामागे बसलेल्या पोरीला ते आयुष्यभर सोबत घेऊन जावं लागणार होतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, तो तिथे राहत होता. दर संध्याकाळी राहत होता. कुणाला आवडो न आवडो.

ती खुर्ची मागे सारून उठली.

"मी देते," ती म्हणाली. "मीही कोर्पीचीच मतदार आहे."

डॅरिल तिच्याकडे वळला. इतक्या जवळून तिने त्याला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली पोतड्या लोंबत होत्या. हा पोरगा पहिल्या बाकावर बसायचा.

अर्डिसने कागद पुढे केला. मार्लिसने उजवा हात वर केला. "मी या माणसाला स्वतः ओळखते," ती म्हणाली. "तो कोर्पीत राहतो. हे मी शपथेवर सांगते." आणि सही केली.

"तुम्हाला काय माहीत मी कुठे राहतो ते?" तो हलक्या आवाजात म्हणाला.

"दिवा दिसतो, डॅरिल. माझ्या खिडकीतून."

"आणखी काय माहीत आहे तुम्हाला?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तिने तोंड उघडलं. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, कालपासून होतं, आणि ते पुन्हा पोटात गेलं. "मतपत्रिका घे," ती म्हणाली. "शाईने नीट भर. गोलाबाहेर जाऊ देऊ नकोस."

त्याने घेतली. सोल्वीने दिली, दोन्ही हातांनी. तो आडोशात गेला. त्याचे बूट तेवढे खाली दिसत होते, आणि ते बराच वेळ जागचे हलले नाहीत. जंगलात कुठेतरी बार झाला. या वेळी कुणी दचकलं नाही, कारण सगळे आधीच तसे बसले होते. मग तो बाहेर आला, यंत्रात कागद सरकवला, यंत्राने तो गुरगुरत आत ओढला, आणि वरचा आकडा एकने वाढला. डॅरिल त्या आकड्याकडे बघत उभा राहिला.

"हा कोण मोजतो?" त्याने विचारलं.

"यंत्र मोजतं," ग्रेडी म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "आम्हाला हात लावायचीसुद्धा परवानगी नाही. मिसेस ट्वाइट फळ्यावर लिहितात. दोन रेघा मारून."

"माहितेय मला," डॅरिल म्हणाला. "मलाही लिहून दिलं होतं." आणि तो दाराजवळच्या बाकावर बसला.

"मत दिल्यावर इथे थांबता येत नाही," अर्डिस म्हणाली.

"मला बघायचंय."

"डॅरिल."

"बघायचंय म्हटलं ना मी. संध्याकाळपर्यंत बघायचंय."

वेंडेल आणि त्याचा मेहुणा मत न देताच भिंतीकडे सरकत होते. सोल्वी उठली. स्टिकरचं भेंडोळं हातात घेऊन ती टेबलाला वळसा घालून वडिलांसमोर आली, एक स्टिकर सोडवला आणि त्यांच्या नारिंगी जाकिटावर, छातीशी, चिकटवला. त्याच्या कडा अंगठ्याने दाबल्या. त्याने तिला दाबू दिल्या. नारिंगीवर लाल, तो नीट दिसतही नव्हता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. लाफॉन्टने दार उघडलं. बूट झटकले, कारण मागच्या खेपेला अर्डिसने त्याला त्यावरून ऐकवलं होतं. त्याने सगळ्यांकडे बघितलं. भिंतीशी चिकटलेला वेंडेल, कॉफीच्या भांड्यामागे अर्डिस, टेबलाला धरून उभी मार्लिस, बाकावर नारिंगी जाकिटातला माणूस आणि त्याच्यासमोर ती पोरगी.

"सगळं ठीक?" त्याने विचारलं. "काही सांगायचंय कुणाला?"

अर्डिसने कप उचलला. मार्लिसने सोल्वीकडे बघितलं, नको म्हणायला, किंवा मी सांगते म्हणायला, तिला स्वतःलाच ठरवता आलं नाही.

सोल्वी लाफॉन्टकडे वळली नाही. ती वडिलांकडेच बघत होती. तिने उजवा हात वर केला, वर्गात करतात तसा नाही, शपथेला करतात तसा.

"मी या माणसाला स्वतः ओळखते," ती म्हणाली. "फोनवर बोलतात ते हेच. माझे डॅड."